रोज कालच्या दुप्पट

झाशीतल्या एका सरकारी कारखान्यात मी पस्तीस वर्षं इंजिनीयर होतो. आमच्या घरात हे कुणाला विसरता येत नाही, कारण मी विसरूच देत नाही. त्यामुळे घरात आकड्याचा प्रश्न निघाला की सगळी माझ्याकडे वळतात आणि मी पेपरातून डोकं वर न काढता उत्तर देतो. या सवयीपायी गेल्या श्रावणात माझी जी फजिती झाली ती सांगतो.

त्याच्या आदल्या वर्षी चातुर्मासात बाबा गेले. आईचा तेव्हा तुळशीला रोज एकशे आठ प्रदक्षिणांचा नेम होता. बाबांना दवाखान्यात हलवलं, आई त्यांच्या उशाशी बसली आणि चार दिवस प्रदक्षिणा राहिल्या. पाचव्या दिवशी बाबा गेले. वय शहाऐंशी, हृदय केव्हाच थकलेलं. डॉक्टरांनी आम्हाला आधीच तयार राहायला सांगितलं होतं. पण आईनं आपला निकाल लावून टाकला, "माझा नेम मोडला म्हणून ते गेले." हे ती रडून म्हणाली असती तर आम्ही समजूत तरी घातली असती. ती गॅस संपल्याचं सांगावं तशी सांगायची.

वर्षभर तिनं कसलाही नेम घेतला नाही. मग गेल्या वर्षी श्रावण जवळ आला. आमचा श्रावण इथल्या सावनापेक्षा पंधरा दिवस उशिरा लागतो. आमच्या प्रेमनगर मोहल्ल्यातल्या शेजाऱ्यांचा सावन अर्धा उरकला की आई कॅलेंडर काढते. या खेपेला कॅलेंडर काढून ती म्हणाली, "लाख वाती करीन म्हणते." म्हणजे कापसाच्या एक लाख वाती हातानं वळायच्या आणि देवापुढे लावायच्या. तिचं वय ब्याऐंशी, बोटं आखडलेली. रोज तीन हजारांवर काही झेपणार नव्हत्या. तेव्हा तिनं स्वतःच युक्ती काढली. पहिल्या दिवशी एकच वात, दुसऱ्या दिवशी दोन, तिसऱ्या दिवशी चार. रोज कालच्या दुप्पट. बोटांनाही हळूहळू सवय होईल.

"काय रे, महिन्याभरात होतील का लाख?"

भूमितीय श्रेणीच्या बेरजेचं सूत्र असतं एवढं मला आठवलं. त्यात अपूर्णांक असतो हेही आठवलं. वर काय नि खाली काय, ते आठवेना. ते कबूल करायचं कुणी? मी पेपराचं पान उलटलं आणि म्हणालो, "होतील की. थोड्या वर उरतीलसुद्धा."

आईनं हातावर पाणी सोडलं आणि देवाला शब्द दिला. श्रावण लागल्यापासून सरेपर्यंत, तीस दिवस, रोज कालच्या दुप्पट. लाखाचा तिनं उल्लेखही केला नाही. त्याचा हिशोब मुलगा बघणार होता.

पहिल्या दिवशी तिनं एक वात वळली आणि दिवसभर त्याच समाधानात राहिली. दुसऱ्या दिवशी दोन. आठवडा संपताना चौसष्ट झाल्या, तेव्हा ती बायकोला म्हणाली, "बघ, बोटं सुटली." नवव्या दिवशी दोनशे छपन्न. त्या दिवशी बायको मदतीला बसली. दहाव्या दिवशी मीही बसलो. माझ्या वातींना आईनं वेगळं ताट दिलं, कारण त्या पेटतील याची तिला खात्री नव्हती.

अकराव्या दिवशी एक हजार चोवीस. बायकोनं महाराष्ट्र मंडळात फोन केले आणि सहा बायका आल्या. साबुदाण्याची खिचडी झाली, गाणी झाली, सुनांची निंदा झाली. शेजारच्या भाभीजी दारातून म्हणाल्या, "अम्माजी, हमारा सावन तो निकलने को है, आपके यहाँ तो मेला लगा है." आणि आई हसली. बाबा गेल्यापासून ती पहिल्यांदाच हसली. मी आत जाऊन उगाच पाणी प्यायलो.

बाराव्या दिवशी सकाळीच कापूस संपला. वाती करायच्या होत्या दोन हजार अठ्ठेचाळीस. मी स्कूटर काढून दतिया गेटला गेलो. तिथं रजया भरून देणाऱ्याचं दुकान आहे.

"कितनी रुई चाहिए, बाबूजी?"

"बत्ती बनाने के लिए. पूरे महीने की एक साथ दे दो."

"वो तो आप बताओ, कितनी बत्ती बनेगी?"

आता डोकं खुपसायला पेपर नव्हता. त्यानं आपल्या बिलबुकातला एक कागद फाडून दिला आणि कानावरचा पेन्सिलीचा तुकडा पुढे केला. सूत्र काही येईना. आले ते आमच्या शाळेतले गणिताचे मास्तर. ते आम्हाला म्हणायचे, "सूत्र भूल जाओगे, मुझे मालूम है. खिसकाना मत भूलना." मग ते फळ्यावर ओळ लिहायचे, एक, दोन, चार, आठ. तीच दुप्पट करून एक घर सरकवून खाली लिहायचे, दोन, चार, आठ, सोळा. वरचे दोन, चार, आठ खालच्यांसमोर यायचे आणि मास्तर त्यांच्यावर मजेत काट मारायचे. "बीच वाले सब कट गए. नीचे का आख़िरी बचा, ऊपर का पहला बचा. घटाओ." सोळातून एक गेला, पंधरा. झाली बेरीज. म्हणजे शेवटच्या आकड्याची दुप्पट करायची आणि एक वजा करायचा, बस्स. पंचेचाळीस वर्षांनी ती रीत जशीच्या तशी हाताला आली आणि मला इतका आनंद झाला की उत्तराकडे बघायचं राहूनच गेलं.

उत्तर होतं एकशे सात कोटी, सदतीस लाख आणि वर काही हजार. शेवटच्या एकट्या दिवसाच्या वाती त्रेपन्न कोटींच्या वर.

दुकानदारानं कागद हातात घेऊन शून्यं मोजायचा प्रयत्न केला. "बाबूजी, इतनी रुई में तो पूरी छावनी की रजाइयाँ भर जाएँ. आप आज एक किलो ले जाओ, बाक़ी घर पर पूछ लो."

घरी आल्यावर आधी मुलीला गाठलं. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं. ती म्हणाली, "पापा, मुझे तो पहले दिन से पता था. मुझे लगा आपने कुछ सोचा होगा. आप इंजीनियर हैं ना." मी जाम चिडलो, पण चिडायला माझ्याखेरीज दुसरं कुणी नव्हतं.

दोन दिवस हसलेल्या आईला हे सांगायचं कसं? त्या दिवशीच्या वाती पुऱ्या होऊ दिल्या, बायका घरी गेल्या, चहा झाला, आणि मग मी तिच्यापुढे कागद ठेवून मास्तरांसारखी काट मारून दाखवली. शाळा तिची सातवीत सुटलेली. तिला माझ्याआधी कळलं.

"म्हणजे आजवर जेवढ्या केल्या तेवढ्या सगळ्या, आणि वर एक, एवढ्या उद्या एका दिवसात."

"हो."

"आणि तू म्हणालास, थोड्या उरतील."

बायको म्हणाली, पूजा सांगणाऱ्या गुरुजींना फोन करू, ते काहीतरी तोड काढतील, एका वातीच्या शंभर धरा म्हणतील. आई म्हणाली, "देवाला काय मोजता येत नाही?" मग बराच वेळ ती त्या ताटातल्या वाती सारख्या करत राहिली.

"मागच्या वेळचा नेम होण्यासारखा होता," ती म्हणाली. "तो मी टाकला. हा होण्यासारखा नाही, तरी शब्द दिलाय, म्हणजे मोडला तर मोडलाच." तिनं ताट बाजूला सरकवलं. "उद्या करायच्या नाहीत. बघू काय होतं ते."

तेरावा दिवस आम्हाला जन्मभर आठवेल. आईनं वातींना हात लावला नाही, पण आमच्यावरची नजर हटवली नाही. माझी स्कूटर बंद. बायकोला ओल्या बाथरूममध्ये एकटीनं जायची बंदी. मुलगी कुकर लावायला गेली तर आई मध्ये उभी राहिली, "शिटी होईपर्यंत तू बाहेर." मला दुपारी जेवताना ठसका लागला तेव्हा तिचा चेहरा असा झाला की मी उरलेली पोळी दुधात कुस्करून खाल्ली. शिंक आली तरी आम्ही परसात जाऊन शिंकत होतो.

दुसऱ्या दिवशी उजाडताच माझ्या छातीवर हात पडला. आई वाकून बघत होती. "आहे, आई," मी म्हणालो. मग ती बायकोकडे गेली, मग मुलीच्या खोलीत. मुलीचं झोपेतलं "आजी, सोने दो ना" बाहेरपर्यंत ऐकू आलं. आई परत आली आणि माझ्या पलंगाच्या कडेला बसली.

"सगळी आहात," ती म्हणाली. "मी एवढा मोठा नेम टाकला आणि सगळी आहात."

"हो, आई."

"मग ते माझ्यामुळं गेले नाहीत."

"नाही गेले," मी म्हणालो. आणि तेव्हा आई रडायला लागली, मोठ्यानं, बाबांना नावानं हाक मारून, जे तिनं उभ्या जन्मात केलं नव्हतं. वर्षभर ती नुसती स्वतःला बोल लावत बसली होती. त्यांच्यासाठी रडायला तिला त्या दिवशी सवड मिळाली.