मान हलली की उठायचं

आयुष्यभर टँगो नाचलेल्या माणसाकडे शेवटी गुडघे उरत नाहीत, किस्से तेवढे उरतात. माझंही तसंच झालंय.

कंपनीने मला जिनिंगच्या, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या, मशिनी शिकायला अर्जेंटिनाला पाठवलं होतं. मी टँगो शिकून आलो! पुढे लागोपाठ काही वर्षं कापूस बुडाला, अमरावतीचं आमचं जिनिंग बंद पडलं आणि त्या रिकाम्या हॉलमध्ये दर रविवारी दुपारी आमचा नाच सुरू झाला. अकोल्याहूनही मंडळी यायची. नोकरी गेल्याचं दुःख रविवारी जरा कमी वाटायचं.

नियम एकच, पण कडक. नाचायला तोंडाने विचारायचं नाही. लांबून नजर भिडवून मान हलवायची. समोरून मान हलली तर उठायचं, नाही हलली तर तो नकार. त्याचं कारण कधी विचारायचं नाही, घरीसुद्धा.

*

गालाला गाल लागतो, काडी टोचते, म्हणून चष्मे दारातल्या डब्यात ठेवायचे. बाळापूरचे सलीमभाई टेलर पहिल्याच रविवारी एकीला मान हलवून बसले आणि समोरच्या तिघी उठल्या. सलीमभाईंनी तिघींना सलाम ठोकला आणि चहा प्यायला निघून गेले.

*

टँगोत बाई बहुतेक उलटीच चालते. तेल्हाऱ्याचा माझा मावसभाऊ अर्धा तास खिडकीतून बघत होता. त्या साली पाऊस नव्हताच.

"वावरं वाळून राहिले अन् तुमी उलटे चालून राहिले?"

सलीमभाई म्हणाले, "सरळ चालून तरी काय भेटलं, भाऊ? या अंदर."

पुढच्या रविवारी तो आला.

*

माझी बायको कुमुद. तिचाही जाड चष्मा दारातल्या डब्यातच. ती सलीमभाईंशी नाचायची, मावसभावाशीही नाचायची, ते तिच्या शेजारीच बसत. मी टेपरेकॉर्डरपाशी, हॉलच्या दुसऱ्या टोकाला. दर रविवारी पहिली मान मी तिलाच हलवायचो. ती सरळ माझ्याकडे बघायची आणि बसून राहायची. मला लागायचं. पण नियम म्हणजे नियम. अशी अकरा वर्षं गेली.

मग अकोल्याला तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. महिन्याभराने ती हॉलवर आली. मी सवयीने मान हलवली.

तिची मान हलली. ती उठून आली.

अर्धं गाणं झाल्यावर ती माझ्या कानाशी म्हणाली, "अकरा वर्षांत आजच कसं काय बोलावलं मले?"