कावामोतोंच्या घरातले पीच

मालसून संध्याकाळी टीव्ही बंद करून जेवायची. आवाज सोसत नाही म्हणून नाही, तर शेजारचा आवाज नीट ऐकू यावा म्हणून. तिच्या आणि लोआनच्या घरात एकच भिंत, तीही भूकंपानंतर घाईघाईने उभी केलेली. पलीकडे लोआन, तिचा नवरा, सासरा, दोन मुली, एक जावई आणि कायम कुणीतरी आलेला पाहुणा. सगळे एकदम बोलणार, वाट्या आपटणार, भांडणार, हसणार. मालसूनला त्यांची व्हिएतनामी भाषा ओ की ठो कळत नव्हती. तरी ते हसले की भिंतीच्या अलीकडे हीसुद्धा हसायची. एकदा मी अचानक गेले तेव्हा हातात घास, मान भिंतीकडे, अशी बसलेली मला सापडली.

"काय गं ओन्नी, कुणाशी बोलतेस?"

"बोलत कुठेय? जेवतेय," ती म्हणाली आणि लाजली.

मी ह्वाजा. नागाताच्या बाजारात माझं तव्याचं दुकान आहे. कोबीचं ओकोनोमियाकी करते. जाड धिरडंच ते. मालसून माझ्याहून मोठी म्हणून तिला ओन्नी म्हणायचं, म्हणजे ताई. सख्खी नाही, पण सख्ख्या बहिणीने केला असता तेवढा छळ मी तिचा केला आहे. आम्ही दोघी इथे जपानात, कोबेतच जन्मलो, पण कोरियन. आमचे बाप समुद्र ओलांडून रबराच्या कामाला आले ते इथेच चिकटले.

माझ्या तव्याभोवती एकच चर्चा कधी संपत नाही: आपण कसे वर आलो आणि हे व्हिएतनामी कसे तिथेच राहिले. चर्चेचे अध्यक्ष नामशेठ. त्यांचा पूर्वी बुटांचा कारखाना होता.

"आपले बाप आले ते अंगावरच्या कपड्यांनिशी," नामशेठ उलथनं हलवत म्हणायचे. "कुणी घर भाड्याने देईना. शाळेत पोरांना दगड खावे लागले. तरी एका पिढीत कारखाने काढले! आणि ही युद्धानंतर बोटीतून पळून आलेली मंडळी? यांना सरकारने भाषा शिकवली, कामं लावून दिली. तीस वर्षं होऊन गेली, अजून दुसऱ्याच्या बुटांचे अपर, वरची कातडी, शिवताहेत."

"तुमचा कारखाना कुठाय हल्ली, शेठ?"

"विकला की. पार्किंग झालंय तिथं."

"आणि मुलं?"

"एक कॅनडात. दुसरा ओसाकात, सर्जन आहे. फार मोठं नाव."

"मग रोज माझ्याकडे एकट्याने धिरडं का खाता?"

असं विचारलं की नामशेठना ठसका लागायचा.

पण ते अगदीच खोटं बोलत नव्हते. आम्हाला कुणी नोकरी देत नव्हतं म्हणून आम्ही घरातच मशीन मांडली, बायका शिवायच्या, पुरुष सोल्यूशन लावायचे, आणि त्या काळात बूट कितीही करा, खपायचे. लोआनची माणसं आली तेव्हा धंदा उतरणीला लागला होता. मग भूकंप झाला, अर्धा नागाता जळाला, आणि त्यानंतर चीनचे स्वस्त बूट आले. त्यांनी कारखाना काढायचा तरी कशाच्या जोरावर? हे मी शेठना कितीदा सांगितलं. पण जो वर पोचतो त्याला जिना स्वतःच बांधला असं वाटतं.

मालसूनचा नवरा असाच वर गेलेला. दारावर पाटी कावामोतो, खरं कोरियन आडनाव ‘हा’. ते आडनाव फक्त श्राद्धाच्या दिवशी एका कागदावर लिहायचं, आणि विधी उरकला की कागद जाळायचा. कावामोतो कडक माणूस. घरात जेवताना बायकोकडे पाठ करून बसायचा. त्याच्या कारखान्यात पहिल्यांदा व्हिएतनामी मुली आल्या तेव्हा म्हणाला, "यांच्या डब्याला माशाच्या पाण्याचा वास येतो, खिडक्या उघडा." लहानपणी याच माणसाला लसणाच्या वासावरून शाळेत मागच्या बाकावर बसवलं होतं. पण सासूने छळलेली सून पुढे सासू होतेच, त्यातलीच ही गत. त्या मुलींत एक लोआन होती, सोळा-सतरा वर्षांची. तिला अपरची कड कशी दुमडायची ते मालसूनने शिकवलं.

आता कावामोतो जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगा तेत्सुओ योकोहामाला दातांचा डॉक्टर. जपानी झाला, बायकोही जपानी, एक मुलगी मिहो. तरी दर ऑगस्टमध्ये बापाच्या श्राद्धाला एकटा यायचा. तो कागद लिहायचा, दारूचा पहिला प्याला ओतायचा, दोनदा लोटांगण घालायचा, आणि सकाळच्या गाडीने परत जायचा. त्या एका संध्याकाळसाठी मालसून वर्षभर जगायची असं म्हटलं तर ती मला मारेल, पण खरं तेच आहे.

त्या वर्षी श्राद्धाच्या आठवडाभर आधी त्याचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते.

"आई, या वर्षी जमणार नाही. मिहोचं लग्न ठरतंय."

"अगं बाई! मग बापाला सांगायला तरी ये."

"तसं नाही, आई. तिच्या सासरच्यांना आपलं काही माहीत नाही. मी दर ऑगस्टला कोबेला का जातो असं ते विचारायला लागलेत." "बाबांचं आपण देवळात देऊन टाकू. तिथले भिक्षू करतात सगळं. तुलाही त्रास नाही."

"मला त्रास कधी झाला?"

"आई, नीट ऐक..."

"ऐकलं. मिहोला आशीर्वाद सांग. कुणाचा ते सांगू नकोस."

फोन ठेवून तिने बीन्सचे मोड निवडायला घेतले. मला राग आवरेना. मी तेत्सुओला, त्याच्या व्याह्यांना आणि एकूण दातांना शिव्या दिल्या. मालसून शांतपणे एकेक शेपूट खुडत होती.

"ह्वाजा," ती म्हणाली, "यंदा प्याला कोण ओतणार?"

"नामशेठना बोलावू."

"ते दुसऱ्या कुळाचे. परक्याच्या हातचं हे घेणार नाहीत."

"मग तू ओत."

"बाईने ओतलेलं त्यांनी घेतलं असतं का?"

"जिवंतपणी तुझ्याच हातचं रोज तीन वेळा गिळत होते ना? मेल्यावर कसला तोरा?"

ती हसली नाही. "आणि माझ्यानंतर?" असं तिने विचारलं, पण मला नाही, मोडांच्या टोपलीला. मी स्वतः बिनलेकराची, माझ्या नावाने कुणी पाणीसुद्धा सोडणार नाही, हे मला केव्हाच ठाऊक आहे. पण तिने एक मुलगा वाढवून, शिकवून, मोठा करून माझ्याच रांगेत यावं, हे काही मला पाहवेना.

श्राद्धाच्या दिवशी तिने सगळं रीतसर केलं. मासा, पिठात तळलेल्या भाज्या, सूप, भात, चेस्टनट, नाशपाती. लसूण नाही, तिखट नाही. गेलेल्या माणसाला ते चालत नाही. फोटो मांडला. कागद लिहायला कुणी नव्हतं, म्हणून आडनाव तसंच राहिलं. दिवेलागणीला तिने दार थोडं उघडं ठेवलं, त्यांनी आत यावं म्हणून. प्याला तिनेच ओतला. थोडी दारू टेबलावर सांडली. मग भातात चमचा उभा रोवला आणि आम्ही दोघी बाहेर पायरीवर, घराकडे पाठ करून बसलो. ते जेवत असताना जिवंत माणसांनी आत थांबायचं नसतं.

उकाडा मरणाचा. गल्लीत बंद पडलेले तीन कारखाने, त्यांच्या पलीकडे शेठचं ते पार्किंग. शेजारच्या घरातून लोआनच्या मशीनची घरघर येत होती. ती थांबली.

"आले असतील का गं?" मालसूनने हळूच विचारलं.

"दार उघडं आहे. न यायला काय झालं?"

"तेत्सुओ नाही असं पाहून मागे फिरले असतील तर?"

मी काही बोलणार एवढ्यात लोआन आली. कामाचा एप्रन काढून चांगला सदरा घातलेला, केस ओले, हातात दुकानातला भारीतला खोका. आम्हाला वाकून नमस्कार केला, चपला काढल्या, आणि आम्ही तोंड उघडायच्या आत ती उघड्या दारातून थेट आत गेली. कावामोतो जेवत असताना!

आम्ही उठून आत धावलो. लोआनने तोवर खोका उघडून फोटोपुढे मधोमध मांडला होता. आत सहा पांढरे पीच, गुलाबी गालांचे.

आमच्यात पीच श्राद्धाच्या घरात येतच नाही. भूत पळवायचं तर पीचची फांदी घेतात. जिथे पीच तिथे मेलेला माणूस पाऊल टाकत नाही, मग तो भूत असो की घरधनी. आणि इथे तर बिचारा पहिला घास घेत होता.

लोआनने उदबत्ती लावली आणि तीनदा वाकली. दोनदा नाही, तीनदा. मग वळून म्हणाली, "मालकीणबाई, माफ करा, उशीर झाला. दरवर्षी तुमचं दार उघडं दिसतं, वास येतो. आमच्यातही असतं ना श्राद्ध, तेव्हा मला कळायचं. पण तेत्सुओसाहेब आलेले असायचे. त्यांच्यासमोर यायची लाज वाटायची. यंदा साहेब दिसले नाहीत."

"पण पीच का गं?" मी विचारलं. विचारलं कसलं, खेकसलेच.

"मालकांसाठी," ती म्हणाली. "मी कामाला लागले त्या उन्हाळ्यात मालकांकडे व्यापाऱ्यांकडून पीचचे खोके आले होते. मालकांनी सगळे आम्हा मुलींना वाटले. स्वतःला एकसुद्धा ठेवला नाही. तोवर मी पीच खाल्लाच नव्हता. कधीतरी एकदा तरी त्यांना द्यावेत, असं मनात होतं."

मी मालसूनकडे पाहिलं, तिने माझ्याकडे. आम्हा दोघींना ठाऊक होतं. कावामोतो ते पीच घरी नेऊच शकत नव्हता, घरात त्याच्या आईबापांचं श्राद्ध व्हायचं. फेकण्यापेक्षा पोरींना दिले. एवढंच ते औदार्य.

मी खोका उचलायला हात पुढे केला. मालसूनने माझं मनगट धरलं, चांगलं घट्ट.

"राहू दे," ती कोरियनमध्ये म्हणाली. मग लोआनला म्हणाली, "त्यांना फार आवडायचे. बरं केलंस बाई. बस ना."

लोआन बसली. मालसूनने तिला श्राद्धाचं ताट वाढलं, मासा काटे काढून दिला. जेवताना लोआनने इकडेतिकडे पाहिलं आणि सरळ विचारलं, जसं तिच्या घरात विचारत असतील तसं: "मालकीणबाई, तुमच्यानंतर तुमचं कोण करणार? साहेब तर लांब."

"कुणी नाही."

"असं कसं? मी करीन की. भिंतीपलीकडे तर राहते. माझ्या गेलेल्या सासूच्या फोटोशेजारी तुमचा ठेवीन." मग हसून म्हणाली, "आणि दरवर्षी असेच पीच आणीन."

मालसूनने मान खाली घातली. "आण हं," ती म्हणाली.

लोआन गेल्यावर मी दार लोटून घेतलं आणि तोंड सोडलं. "भात अजून गरम आहे. ते खोकं बाहेर ठेव आणि पुन्हा मांड. भाऊजी अर्ध्या जेवणातून उठून गेले असतील."

"जाऊ देत. इतकी वर्षं दार उघडं ठेवलं. आत कोण आलं, ते तू पाहिलंस ना?" तिने खोक्यातला एक पीच घेतला, सोलला आणि खाल्ला. रस कोपरापर्यंत ओघळला. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्या घरात पीच आला होता. एक फोड तिने माझ्या तोंडात कोंबली. फार गोड होती, आणि मला रडू आलं.

"तिला सांग तरी, ओन्नी," मी म्हटलं. "ती बोलली तसं करणारी बाई आहे. तुझ्या फोटोपुढे दरवर्षी पीच ठेवील, आणि तुला आत पाऊल टाकता येणार नाही!"

"नको सांगूस. वाईट वाटेल तिला."

"मग तू येणार कशी?"

मालसून बोटं चाटत होती. भिंतीपलीकडे ताटवाट्यांचा आवाज सुरू झाला होता, कुणीतरी काहीतरी बोललं आणि सगळे खो खो हसले. तिने मान तिकडे वळवली.

"मी बाहेर बसेन पायरीवर," ती म्हणाली. "आवाज येतो तिथपर्यंत."