एकाच कानाचं मशीन

बॉयलरच्या कारखान्यात पस्तीस वर्षं हातोडा चालवून बाबांचे दोन्ही कान गेले. यंदा सरकारला निवृत्तांची दया आली आणि कानाचं मशीन फुकट झालं, पण एकाच कानाला. दुसरा कान सरकारच्या मते बहुतेक चैनीचा असावा.

डॉक्टरांनी कागदावर लिहून विचारलं, "कुठल्या कानाला?"

"डाव्या. ही नेहमी डावीकडे बसते," बाबा म्हणाले.

आई चक्क लाजली.

मशीन लावून परतताना बसच्या मागच्या लांब सीटवर तिने बाबांना ऐकू येईनासं झाल्यापासूनचं, अकरा वर्षांचं साठलेलं सगळं बोलायला काढलं. तिसऱ्या स्टॉपवर बाबा हळूच उठले आणि तिला आपल्या उजवीकडे ठेवून बसले.

आईही उठली, पुन्हा त्यांच्या डावीकडे येऊन टेकली आणि म्हणाली, "हं, तर मी काय सांगत होते?"