शेंड्याचा मणी

माझ्या बहिणीचं जपानमधलं भाड्याचं घर माझ्यामुळे जाता जाता राहिलं.

वैशू, माझी धाकटी बहीण, तिकडच्या एका लहानशा गावात नोकरी करते. परदेशी माणसाला तिथे कुणी सहजी घर देत नाही, गावातलं कुणीतरी जामीन लागतं. वैशूला जामीन राहिली ती सकाळच्या बाजारात द्राक्षं विकणारी एक आजी. दिवाळीच्या सुट्टीत, दिंडोरीच्या आमच्या द्राक्षबागेची छाटणी उरकून, मी, बायको मनीषा आणि दोन पोरं वैशूकडे गेलो. (छाटणीनंतर बाग सोडून कोण जातं, असं आमचे वडील अजूनही फोनवर विचारतात.)

आदल्या संध्याकाळी वैशूने मला समोर बसवलं.

"दादा, उद्या बाजारात मोठ्याने बोलायचं नाही. चालता चालता खायचं नाही. कुठल्याच वस्तूला हात लावायचा नाही. घराच्या करारावर आजींची परत सही लागणार आहे मला, याच आठवड्यात."

"पोरांना मी सांगतो नीट."

"पोरांचं नाही बोलत मी. तुझंच बोलतेय."

सकाळी सहाला आम्ही बाजारात. एक अरुंद गल्ली, दहा-पंधरा टेबलं, त्यामागे डोक्याला रुमाल बांधलेल्या म्हाताऱ्या. मुळे असे घासूनपुसून मांडलेले, जणू त्यांना बघायला पाहुणे येणार होते. सुरुवातीला आम्ही इतके सभ्य वागलो की माझी मलाच काळजी वाटायला लागली. सहा वर्षांचा ओम तर हात पाठीमागे धरून चालत होता. एक बाई त्याच्याकडे बघून हसली, तेव्हा वैशूचा जीव जरा भांड्यात पडला.

आणि मग आजींचं टेबल आलं.

टेबलावर द्राक्षांचे आठ घड. प्रत्येकाला स्वतंत्र पांढरा कागद. मणी आवळ्याएवढे, एकसारखे, एकही चिरलेला नाही. मी वीस वर्षं द्राक्षात घालवलीत. असा घड बघितला की आमच्याकडच्या माणसाचा हात एकाच ठिकाणी जातो, शेंड्याला. घडाचे वरचे मणी आधी गोड होतात आणि शेंड्याचा सगळ्यात शेवटी. तो गोड निघाला म्हणजे घड पिकला. आमच्या बागेत व्यापारी येतो तोही नमस्कार करायच्या आधी शेंड्याचा मणी तोडतो. वस्तूला हात लावायचा नाही, हे माझ्या पक्कं लक्षात होतं. पण द्राक्ष ही वस्तू आहे, असं मला आजवर कुणी सांगितलेलं नव्हतं.

मी मणी तोडला, तोंडात टाकला आणि जाणकारासारखी मान हलवली.

"दादा," वैशू म्हणाली. फक्त एवढंच. पण तिचा चेहरा असा झाला की मी तो मणी चावायचाच विसरलो.

इथे मी एकटाच असतो तर एका मण्यावर भागलं असतं. पण माझी नऊ वर्षांची सई दर हंगामात माझ्याबरोबर बागेत फिरते. पप्पांनी पहिला घड चाखला म्हणजे काम सुरू झालं, एवढं तिला कळतं. मी वैशूची माफी मागेपर्यंत ती टेबलाच्या दुसऱ्या टोकाला पोचलेली होती.

"हा गोड. हा पण गोड. हा लय गोड." तिच्यामागून ओम, शेंडा राहिलेला नसल्यामुळे त्याच्या वरचा मणी तोडत. (पोराला अन्याय सहन होत नाही.) मनीषा म्हणाली, "अहो, धरा ना त्यांना!" मी धरेपर्यंत सईचा निकाल लागला होता, तोही बागेतल्या आवाजात. "पप्पा, शेवटचे दोन नाय जमणार. अजून आठ दिवस पाहिजेत त्यांना!"

अख्खी गल्ली आमच्याकडे बघायला लागली. आठही घड बुडाशी बोडके. आणि आजींनी आमच्यासमोर कमरेत वाकून काहीतरी म्हटलं.

"काय म्हणतात?"

"म्हणतात, चाखायला वेगळे मणी ठेवायला हवे होते, चूक माझीच झाली."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एकेक घड असा घडवायला उन्हाळाभर कात्रीने नको ते मणी काढावे लागतात, मान मोडून जाते. हे मला माहीत होतं, त्या गल्लीत कदाचित मलाच सगळ्यात जास्त. माझ्या बागेत कुणी असं केलं असतं तर मी काठी घेऊन धावलो असतो. मीही वाकलो. त्या पुन्हा वाकल्या. मी आणखी खाली वाकलो. तेवढ्यात कानाशी ओमचा आवाज आला, "पप्पा, तुम्हाला मागे टक्कल आहे."

"वैशू, सगळे घड आपण घेतो म्हणून सांग."

वैशूने सांगितलं, ऐकलं आणि माझ्याकडे वळली. "देत नाहीत. पाहुण्याला खराब माल कसा विकू, म्हणतात."

"अगं, पण खराब मीच केलाय!"

"ते त्यांनी बघितलंय, दादा."

मग आजींनी शेवटच्या दोन घडांचा एकेक मणी चाखला. आणि दोन्ही घड गुपचूप टेबलाखाली ठेवून दिले. सई बरोबर होती, त्याने मला जास्तच लाज वाटली. बाकीच्या घडांचे मणी त्यांनी कात्रीने सुटे केले आणि एका वाडग्यात घालून पोरांच्या हातात दिले. नंतर माझ्याकडे बघत त्यांनी वैशूला काहीतरी विचारलं. वैशूने उत्तर दिलं. आजींनी मोठा सुस्कारा सोडला आणि मायेने तिचा हात थोपटला.

आम्ही घरी आलो. चहा झाल्यावर मी हिंमत केली.

"सहीचं काय झालं?"

"करणार आहेत."

"मग माझ्याकडे बघून काय विचारत होत्या?"

"हा तुझा भाऊ का, म्हणून."

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाही हो. हा माझ्या वहिनीचा नवरा."

मी आशेने मनीषाकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" ती म्हणाली. "मला विचारलं असतं, तर मी नणंदेचा भाऊ म्हणून सांगितलं असतं."