संशयाला दोन सूर

"संशयाला दोन सूर पुरतात. तिसरा घातलास की त्याची खात्री होते," ताई एकदा दादाला म्हणाली होती.

दादा हसला होता. "ताई, तू नावं दे. सुरांचं माझ्यावर सोड."

धाकटा तेव्हा दारात चहाचा कप घेऊन उभा होता आणि त्यालाही हसू आलं होतं. पुढे पुष्कळ दिवस ते हसू दातात अडकलेल्या धाग्यासारखं त्याला सलत राहिलं.

घर तिघा भावंडांचं होतं आणि तिघांचं पोट मागच्या खोलीवर चालायचं. तिथे दादा संगीत बनवायचा. गाणी नव्हेत. मालिकेत सून कपाट उघडते, बातम्यांत पूर येतो, माहितीपटात मुंग्या रांगेने चालतात, तेव्हा मागे जे वाजत असतं आणि जे कोणी ऐकत नाही, ते. दादा ते आधीच करून ठेवायचा, ते कोणत्या प्रसंगाला लागणार हे ठाऊक नसताना. एक कंपनी असे तुकडे आपल्या संग्रहात ठेवायची आणि ज्याला हवेत त्याला वापरण्याचा परवाना द्यायची. करार, पत्रं, फोन हे सगळं धाकटा पुढच्या खोलीत बसून सांभाळायचा. मागच्या खोलीच्या कडीला तांबडा रुमाल बांधलेला असला की आत जायचं नाही, असा नियम होता. धाकट्याने तो इतका पाळला की रुमाल नसतानाही तो आत जाईनासा झाला.

आणि ताई नावं द्यायची. संग्रहातल्या प्रत्येक तुकड्याला नाव लागतं आणि नावाखाली चार शब्द, म्हणजे शोधणाऱ्याला तो सापडतो. ताई विमा कंपनीत दाव्यांची तपासनीस होती. जळालेली दुकानं, पाणी शिरलेली गोदामं, चोरीला गेलेले आणि मग मेहुणीच्या कपाटात सापडलेले दागिने यांत तिची सगळी नोकरी गेली. समोरचा रडायला लागला की ती मान तिरकी करून बघत राहायची. निवृत्त झाली, पण मान तशीच राहिली. लग्न केलं नाही. का, असं विचारणाऱ्याला सांगायची, "एक आला होता. त्याने स्वतःबद्दल जे सांगितलं ते सगळं खरं निघालं. मला ते काही बरं वाटेना." उंचीने बुटकी. कुठेही बसली की पाय जमिनीला टेकायचे नाहीत आणि विचारात असली की ती ते लहान मुलीसारखे हलवत राहायची.

दादाने नवा तुकडा ऐकवला की म्हणायची, "हा संशय नव्हे. ही नुसती भीती. माणसाच्या मागे कुत्रा लागलाय."

"कंपनीने संशयच मागितलाय."

"मग कुत्रा काढ."

दादा कुत्रा काढायचा नाही. तो आणखी एक वाद्य घालायचा. ताई मुकाट्याने नाव लिहायची. 'संशय, शेजाऱ्यावर'. 'संशय, भाजीत मीठ जास्त'. 'संशय, रविवार दुपार'. 'संशय, स्वतःवरच'. मालिका जोडणारे संकलक म्हणे नावं वाचूनच निम्मे तुकडे उचलायचे. हे कंपनीने कळवलं तेव्हा दादाने ते पत्र घडी करून खिशात घातलं आणि कोणाला दाखवलं नाही. धाकट्याला माहीत होतं, कारण पाकीट त्यानेच फोडलं होतं.

धाकट्याच्या मनात किडा शिरला तो दातांच्या डॉक्टरकडे. दाढ काढून, अर्धा जबडा बधिर होऊन तो बाहेरच्या बाकावर बसला होता. भिंतीवरच्या टीव्हीत एक बाई नवऱ्याच्या कोटाचे खिसे चाचपत होती. मागे पियानोचा एक सूर वाजला. थांबून दुसरा. मग बराच वेळ काहीच नाही, आणि त्या काहीच नसण्यात एक कुरकुर ऐकू आली. लाकडाची. कोणी खुर्चीत पुढे झुकून मागे रेलावं तशी.

ती घरचीच खुर्ची होती, त्याने स्वतः दुरुस्त केलेली. आईच्या वेळची, जेवणाच्या टेबलाची. मागचा डावा पाय सैल झाला होता, त्यात त्याने पाचर ठोकली होती आणि तेव्हापासून ती अशी बोलायची. मागच्या खोलीत पियानोपुढे तीच असायची. शेजारी बसलेल्या माणसाला तो घाईने काहीतरी म्हणाला, पण बधिर ओठांतून लाळेशिवाय काही बाहेर आलं नाही.

घरातून गेलेला प्रत्येक तुकडा त्याच्या हातून गेला होता. हा गेलेला नव्हता. ओळखीच्या एका संकलकाला त्याने फोन केला.

"ते तुमचं नाही हो," संकलक म्हणाला. "दुसऱ्या एका संग्रहातलं आहे. 'पाहुणा' असं नाव लावतो कोणीतरी. अलीकडे सगळे त्याच्याच मागे आहेत. दादांना सांगू नका, उगाच लागेल त्यांना."

पाहुण्याचं सगळं संगीत धाकट्याने बसथांब्यावर, कानात इअरफोनची बोंडं घालून ऐकलं. बस येत होत्या, जात होत्या. जवळजवळ प्रत्येक तुकड्यात कुठेतरी ती खुर्ची होती.

घरच्या करारातलं एक कलम त्याला पाठ होतं, कारण कंपनीशी भांडून शेवटी त्यानेच ते मान्य केलं होतं. सही करणाऱ्यांनी बनवलेलं संगीत याच कंपनीला मिळेल, दुसरीकडे गेल्यास करार संपला. आणि करार संपला तरी आधीचं सगळं कंपनीकडेच राहणार. दादाची सगळी वर्षं एका झटक्यात त्यांची, आणि हे तिघं रस्त्यावर. दोन महिन्यांनी तोच करार नव्याने व्हायचा होता आणि दोघा भावांना पुन्हा लिहून द्यायचं होतं की आम्ही प्रामाणिक आहोत.

दादा हे का करत असावा? धाकट्याला एकच कारण सुचलं. दादाला वेगळं व्हायचं होतं. भावाला न सांगता त्याने आपली चूल आधीच मांडली होती, धूर तेवढा आत्ता दिसला.

त्या दिवसापासून धाकट्याला घरातल्या प्रत्येक प्रसंगामागे काहीतरी वाजतंय असं वाटायला लागलं. दादा पाठदुखीसाठी सकाळ-संध्याकाळ लांब फिरायला जायचा. तो खरंच फिरायलाच जातो का, हे बघायला धाकटा एकदा त्याच्या मागे गेला. दादा तळ्याला वळसा घालून, एका बाकाला पाठ टेकून, परत आला. धाकट्याला त्यातही काहीतरी काळंबेरं दिसलं.

जेवताना दादा म्हणाला, "काय रे, माझ्या तोंडाकडे काय बघतोस?"

"कुठे काय."

"दाढ काढल्यापासून बघतोयस. दाढ तुझी गेली, माझी शाबूत आहे."

ताई हसली नाही. तिने मान तिरकी केली आणि धाकट्याकडे बघितलं.

मग त्याने सापळा लावला. दादा फिरायला गेलेला आणि ताई आंघोळीला, असं बघून तो मागच्या खोलीत शिरला आणि खुर्चीच्या सांध्यांत शिवणयंत्राचं तेल सोडलं. बसून पाहिलं. खुर्ची मुकी झाली होती. आता पाहुण्याच्या नव्या तुकड्यांतून कुरकुर गेली, तर ते याच खोलीत वाजलं होतं याला दुसरा पुरावा नको.

दोन-तीन दिवसांनी चहाच्या वेळी ताईने विचारलं, "मागच्या खुर्चीला तेल कोणी घातलं?"

"मी. कुरकुरत होती."

"तुला कुठून ऐकू आली? तू तर आत येत नाहीस."

धाकट्याने चहा फुंकला. तो गार होता.

"दारातून," तो म्हणाला.

"दारातून," ताई म्हणाली. खोटे दावे ऐकताना ती असेच शेवटचे शब्द परत म्हणत असणार. "ते तेल लाकडाला घालत नाहीत. डाग पडतो बसणाऱ्याला." मग कप विसळायला उठताना ती पुढे म्हणाली, "आणि तपासणीच करायची असली तर एक सांगते. ज्याचा संशय येतो त्याच्याकडे सगळ्यात शेवटी जावं. आधी जावं ते ज्याच्याकडे आपण कधी बघितलंच नाही त्याच्याकडे."

धाकट्याने याचा अर्थ असा लावला की ताईला सगळं ठाऊक आहे आणि ती दादाला पाठीशी घालते आहे. आता एकाच्या जागी दोघं झाले.

काही आठवड्यांनी पाहुण्याचे नवे तुकडे आले. दोन सूर, मधली शांतता. शांतता गुळगुळीत होती.

करारासाठी कंपनीच्या एक अधिकारी बाई स्वतः घरी आल्या. त्यांना मागची खोली बघायची होती, म्हणून सगळे तिथेच गेले. धाकटा इतक्या दिवसांनी नीट आत आला. भिंतींना गाद्या लावलेल्या, एकुलत्या खिडकीला जाड पडदा. दादाचा कीबोर्ड भिंतीवरच्या एका उंच फळीवर चढला होता. हे कधी झालं, असं धाकट्याच्या मनात आलं आणि गेलं. पियानोपुढच्या खुर्चीत ताई मांडीवर लॅपटॉप घेऊन नावं लिहीत बसली होती. पाय हलत होते.

"स्पष्ट बोलते, रागावू नका," बाई दादाला म्हणाल्या. "तुमचा संशय जुना झालाय. फार वाद्यं असतात त्यात. हे ऐका. आपलं नाही, पण असं हवंय आम्हाला." त्यांनी फोनवरून पाहुणा लावला.

दादाने डोळे मिटले. तुकडा संपला तरी उघडले नाहीत.

"हा माणूस थांबतो," तो शेवटी म्हणाला. "मला थांबता येत नाही. मी घाबरतो आणि भरत सुटतो. हे मला जमणार नाही, बाई. मी खोटं कशाला सांगू."

ताईचे पाय हलायचे थांबले होते.

धाकट्याच्या डोक्यात तिडीक गेली. इतकं नाटक. हातात नवा करार होता, 'आम्ही प्रामाणिक आहोत' याखाली धाकट्यालाही सही करायची होती, आणि हा माणूस स्वतःच्याच संगीताला मान डोलावत होता.

"पुरे, दादा," तो म्हणाला. "बाईंसमोर सांगून टाक. पाहुणा तूच. आईच्या या खुर्चीत बसून तूच वाजवतोस आणि दुसरीकडे देतोस. खुर्ची ऐकू येते त्यात. मी तेल घातलं तेव्हापासून येत नाही."

दादाने डोळे उघडले. त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता गोंधळ होता.

"मी? अरे, मी पियानोपुढे बसलो त्याला किती वर्षं झाली. बसलं की पाठ धरते माझी. मी उभा राहून वाजवतो, या फळीवर. तू आत येशील तर दिसेल ना. त्या खुर्चीत तर..."

त्याचं वाक्य तिथेच राहिलं. सगळ्यांनी खुर्चीकडे बघितलं.

आत्ता धाकट्याच्या लक्षात आलं की दादाच्या स्वतःच्या एकाही तुकड्यात ती कुरकुर कधी नव्हती. ते ऐकून बघायचं त्याला सुचलंच नव्हतं.

बाईंनी जुना करार उलटून पाहिला. "यांची सही कुठे आहे?"

"नाही," धाकटा म्हणाला. करार लिहिताना त्याने दादाला विचारलं होतं, ताईचं नाव घालू का. दादा म्हणाला होता, ती काय, शब्द चिकटवते, घरातलीच तर आहे. आणि धाकट्याने पेनाचं टोपण लावलं होतं.

"मग यांनी काहीच मोडलेलं नाही," बाई म्हणाल्या. "तुमचा करार आहे तसा आहे." त्या ताईकडे वळल्या, आवाज बदलून. "पाहुणा तुम्ही?"

ताईचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती दादाकडे बघत होती आणि धाकट्याने प्रथमच पाहिलं की तिची मान सरळ होती. ती वाट बघत होती. आत्ताच तो डोळे मिटून जे बोलला होता, ते डोळे उघडून बोलायला त्याला फार काही लागणार नव्हतं.

दादाच्या चेहऱ्यावर काहीतरी उजळायला निघालं होतं. ते धाकट्याला दिसलं. मग कोणीतरी आतून कडी घालावी तसं ते बंद झालं.

"ताई," दादा हळूच म्हणाला, "हे तूच वाजवलंस? की कोणाकडून घेतलंस?"

असाच प्रश्न तिने सगळं आयुष्य लोकांना विचारला होता. याच आवाजात, घाई न करता.

तिने लॅपटॉप मिटून पियानोवर ठेवला. चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुढे सरकून पाय जमिनीला टेकवले आणि उठली. खुर्ची कुरकुरली नाही. दादा बाजूला झाला, कारण दार त्याच्या मागे होतं. ती पाठमोरी झाली तेव्हा तिच्या कपड्यांवर, मागे, शिवणयंत्राच्या तेलाचा पिवळट डाग धाकट्याला दिसला. बरेच दिवस तो तिथे असणार. पुढची खोली ओलांडून, चपला पायात सरकवून ताई घराबाहेर पडली.