पेढीकाठची काव काव

साता समुद्रांपलीकडे कुणाची तरी लढाई जुंपली आणि आमच्या वऱ्हाडातल्या कापसाला सोन्याचा भाव आला. ज्याच्याकडे बंडी आणि बैल, तो वाटेला लागला. माझा थोरला भाऊ, अजून बिनलग्नाचा, तोही भातकुलीहून कापूस भरून अकोल्याच्या पुढे, जिथवर आगगाडी आली होती तिथवर निघाला. सोबतचे गाडीवान परतले, तो नाही. वाटेत त्याला पटकी झाली, म्हणून त्याला एका धर्मशाळेत ठेवून ते पुढे गेले. येताना पाहिलं तर धर्मशाळा रिकामी. जाळलं असेल, एवढंच त्या गावचे लोक म्हणाले.

आईने ते मानलंच नाही. कुंपणावर कावळा ओरडला की पाहुणा येतो म्हणतात, म्हणून ती दिवसभर कावळ्यांकडे कान लावून बसायची. ऐकून ऐकून तिला त्यांची बोली कळायला लागली. मांजर दिसलं की कर्कश, ओढून काढलेली ओरड. पिल्लापाशी घशातल्या घशात पुटपुट. आणि खायला सापडलं की तुटक, घाईघाईची काव काव, तिच्यामागून सगळा थवा. मला त्या पाखरांचा संताप यायचा. आई रोज त्याच्या नावाची एक भाकर जास्त थापायची आणि दुसऱ्या दिवशी ती शिळी मला खावी लागायची.

पावसाळा गेला, दिवाळी गेली. शेवटी वडिलांनी, देह नव्हता म्हणून, पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी दिला. दहाव्याला पुरुष मंडळी पिंड घेऊन पेढी नदीवर गेली. कावळा लवकर शिवू दे, पोरगा सुटू दे, असं सगळे म्हणत होते. आई एकटी उंबऱ्यात बसून म्हणत होती, "जित्या माणसाच्या पिंडाले कावळा शिवत नाई." तेवढ्याच आशेवर तिने तो विधी होऊ दिला होता. कावळा शिवू नये, असंच मीही देवाला विनवत होते.

नदी हाकेच्या अंतरावर. थोडा वेळ काहीच ऐकू आलं नाही. मग एका कावळ्याची तुटक काव काव आली आणि पाठोपाठ मोठा गलका उठला. आईचा चेहरा बघवत नव्हता. मी तिचा हात धरला.

वडील परतले ते जरा मोकळे होऊन. पिंड ठेवला न ठेवला तोच कावळा शिवला, पोराची कसलीच इच्छा मागे उरली नव्हती, असं त्यांनी सांगितलं.

आईने त्यांच्याकडे पाहिलं.

"मले भेटाची बी नाई?"

वडील पाय धुवायचे थांबले.