कुंडी खाली ठेव

वाळलेलं आणि मेलेलं यांतला फरक तुम्हाला नुसतं बघून सांगता येतो का? खात्रीनं? मग आमच्या देवासच्या घरामागे या. उत्तरेच्या भिंतीशी काळ्या दगडांच्या फटींत तपकिरी मुठी आवळून काहीतरी बसलंय. ते बघा आणि सांगा.

ती मोरशिखा आहे. बोटभर उंचीचा नेचा, मोराच्या तुऱ्यासारखा उघडणारा. कुणी न लावता माळव्यातल्या जुन्या भिंतींत, टेकड्यांच्या सावलीत येतो. पावसाळाभर हिरवा असतो. थंडी सरत आली की पानं आत वळतात, आणि सगळा उन्हाळा तो निजून काढतो.

आमची मोरशिखा धारची. आत्याच्या विहिरीचा कठडा पाडून वर सिमेंटचं झाकण टाकलं, तेव्हा आत्यानं ती दगडांतून सोडवली, कुंडीत घातली आणि बसमध्ये मांडीवर धरून आमच्याकडे आणली. आम्ही कुंडी गच्चीवर ठेवली. ऊन तापायला लागलं तसा आत्याचा दादाला फोन आला, "अरे, ती कुंडी आता खाली ठेव."

माझा दादा सगळा हिंदीत शिकलेला. त्यानं कुंडी रिकामी केली. माती, मुळं सगळं मागच्या अंगणात, घर बांधताना उरलेल्या दगडांवर झटकलं, कुंडी धुतली आणि पालथी घातली.

पुढच्या फोनवर आत्यानं विचारलं, "निजली का रे माझी?"

"कोण? कुंडी तर खाली केली मी. तुम्हीच म्हणालात."

"अरे, खाली म्हणजे जिन्याखाली. सावलीत."

"मग नीचे म्हणायचं ना, आत्या."

"नीचे कशाला म्हणू? नीच तर तू आहेस, मेल्या." आणि ती खोकला येईपर्यंत हसली.

मला हसू आलं नाही. मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. बाबा कारखान्यांच्या फाटकांवर वाटायचे त्या गठ्ठ्यांतून मी अक्षरं शिकले. चूक दिसली की मला भाषण सुचतं. दादाला मी घरातली भाषा घालवल्याबद्दल भरपूर ऐकवलं, आणि मग बादली घेऊन दगडांकडे निघाले. स्पीकरवरचा फोन अजून चालूच होता. आत्या म्हणाली, "पाणी नको गं. पाणी मरणाऱ्याच्या तोंडात घालतात, निजलेल्याच्या नाही."

श्रावणात दादानंच मला हाक मारली. त्यानं जिथे झटकली होती, तिथेच दोन दगडांच्या मधे हिरवा तुरा उभा होता. कुंडीत कधी इतकी खुलली नव्हती. मग आम्ही दोघांनी तिथे बागच केली. पाणी साचू नये म्हणून दगड तिरपे लावले, फटींत जुन्या चुन्याच्या गिलाव्याचा चुरा आणि थोडा पालापाचोळा भरला. बस, एवढंच. त्यानंतर दर पावसाळ्यात आत्याचा फोन यायचा. नमस्कार नाही, खुशाली नाही, नुसतं "उठली का?"

या हिवाळ्यात आत्या गेली. धारला तिच्या तोंडात मी पाणी घातलं. परत आले तेव्हा मोरशिखेच्या मुठी आवळायला लागल्या होत्या.

"निजली का" असं विचारणारं आता कुणी नाही. आमच्या घरात तो शब्दच उरलेला नाही. सगळे "सो गया" म्हणतात. फोन वाजला की मी अजून दुसऱ्या खोलीतून धावते.

आणि गेल्या आठवड्यात मागच्या अंगणात फरशी बसवायला मिस्त्री आला. वहिनीचं म्हणणं खोटं नाही, तिथे कपडे धुवायला बसलं की चिखल होतो. मिस्त्रीनं दगडांवर थापी टेकवली आणि दादाला म्हणाला, "भिया, ये तो सब सूख गया. उठवा दूँ?"

मी दगडांपुढे उभी राहिले. भाषण तयार होतं, पण तोंडातून एवढंच आलं, "दादा, तू तिला एकदा इथेच झटकून टाकली होतीस, तरी ती उठली."

दादानं वाकून एका मुठीला बोट लावून बघितलं. मग मिस्त्रीला म्हणाला, "अभी रहने दो, भिया." आणि माझ्याकडे न बघता, "श्रावणापर्यंत. नाही उठली तर फरशी."

तेव्हा मी वाट बघते आहे. उठेलच असं मला सांगता येत नाही. आत्याला आलं असतं.

बाबांचा नियम होता की पत्रकाच्या शेवटी मागणी एकच असावी, आणि आजच्या आज पुरी करता येण्यासारखी असावी. माझी ही. आज संध्याकाळी तुमच्या घराच्या, शाळेच्या, देवळाच्या उत्तरेकडच्या भिंतीशी खाली बसा. खाली म्हणजे खालीच. फटीत अशी तपकिरी मूठ दिसली, तर श्रावणापर्यंत तिला कुणाची थापी लागू देऊ नका.